तू कथाईन उना?

रविवारी सकाळी सकाळी भाच्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला. मेसेज नाही, नुसता फोटो, युनिट टेस्टच्या पेपरचा, खाली तीन रडके चेहरे. पंचवीसपैकी नऊ. मी चहा बाजूला ठेवून फोटो मोठा करून पाहिला तर एका उत्तरावर सरांनी लाल पेनाने आडवी काट मारलेली आणि गंमत म्हणजे ते उत्तर बरोबर होतं.

गणित साधंच होतं. वर मॉडच्या, म्हणजे आतलं उणे चिन्ह काढून टाकणाऱ्या, दोन उभ्या दांड्यांत एक्स वजा तीन, खाली तेच एक्स वजा तीन पण दांड्यांशिवाय. एक्स तीनाकडे जाताना लेफ्ट हँड लिमिट काढा, मग राइट हँड लिमिट काढा, आणि लिमिट आहे की नाही ते सांगा. (लिमिट म्हणजे एक्स त्या संख्येच्या जवळ जवळ जाताना उत्तर कुठल्या किमतीकडे जातं ते.) लेफ्ट हँडचं उत्तर उणे एक. पोराने उणे एकच लिहिलं होतं. मग काट का?

फोन लावला. तो म्हणे, "मामा बघ ना, उत्तर बरोबर आहे तरी शून्य मार्क, सरांना सांगू का?" म्हटलं थांब, आधी मला सांग काढलंस कसं. तर म्हणे प्रश्नात तीनाच्या डोक्यावर बारीक मायनस होता, म्हणून एक्सच्या जागी मायनस तीन टाकला, वर मॉड मायनस सहा म्हणजे सहा, खाली मायनस सहा, भागले, मायनस एक. आणि उजव्या बाजूला डोक्यावर प्लस होता म्हणून प्लस तीन टाकला तर शून्य भागिले शून्य आलं, मग तिथे लिहून दिलं की लिमिट नाही.

मी इतका हसलो की आतून बायको विचारायला आली काय झालं. कारण हीच चूक, अगदी हीच, मी अकरावीत केली होती. मराठी मीडियमची दहावी करून सायन्सला गेलेलो, सगळं एकदम इंग्रजीत, सर फळ्यावर भराभर लिहायचे आणि तो डोक्यावरचा मायनस इतका बारीक असायचा की मागच्या बाकावरून तो मायनस आहे का खडूचा कण हेच कळायचं नाही. आणि कळला तरी त्याचा अर्थ काय हे कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल, मी त्या दिवशी कापूस वेचायला घरी असेन.

तर भाच्याला म्हटलं, तुझं उत्तर बरोबर आलं ते चोराच्या वाटेने. तीनाच्या डावीकडे कुठेही उभा राहा, उणे तीनावर राहा नाहीतर उणे तीनशेवर, ह्या गणितात उत्तर उणे एकच येणार. तू तीनाच्या घरापासून सहा पावलं लांब उभा राहून घरात काय चाललंय ते सांगितलंस आणि योगायोगाने खरं निघालं. सरांनी काट मारली ती बरोबरच मारली (हे त्याला आवडलं नाही).

मग तो जे बोलला ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणे, "ठीक आहे, तीनाजवळच जायचं ना, लेफ्ट हँड आहे म्हणजे तीनापासून डावीकडे जायचं, बरोबर?"

नाही ना रे बाबा.

इथेच पोरं पडतात. लेफ्ट हँड लिमिट म्हटलं की डावीकडे चालायला लागतात. खरं तर डावीकडून यायचं असतं, तो डोक्यावरचा मायनस तेच सांगतो, म्हणजे चालायचं उजवीकडे. दोन, अडीच, दोन पूर्णांक नऊ, असं चढत चढत तीनाकडे. आपल्याकडे कोण कुठे जातोय आणि कोण कुठून येतोय ह्यात कधीच घोळ होत नाही, धुळ्याहून येणारी बस आणि धुळ्याला जाणारी बस एकाच स्टँडवर शेजारी शेजारी लागलेल्या असल्या तरी म्हातारीसुद्धा बरोबर बसमध्ये चढते. पण ‘लेफ्ट हँड’ म्हटलं की ते ‘कडे’ आणि ‘कडून’ दोन्ही गायब होतात, नुसता एक डावा हात उरतो.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, पारोळा तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी बसायचे आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारायचे. "कथा जाई ऱ्हायना रे भो?" म्हणजे कुठे चाललास. आणि "कथाईन उना?" म्हणजे कुठून आलास. पोचला का, काम झालं का, ह्याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना फक्त माणूस कुठल्या बाजूने येतोय आणि त्याचं तोंड कुठे आहे एवढं कळलं की बास. मी भाच्याला म्हटलं, लिमिट म्हणजे आप्पांचे हे दोन प्रश्न. कुठे चाललाय, आणि कुठून येतोय. पोचल्यावर तिथे काय आहे हा तिसरा प्रश्न, तो लिमिट विचारतच नाही. ती किंमत वेगळी.

तो म्हणे पण मग किंमत टाकायची नाही तर उत्तर कसं काढायचं.

पुढच्या शनिवारी जळगावहून बस धरून धरणगावमार्गे अमळनेरला गेलो, ताईकडे. ताईने कळण्याच्या भाकरी आणि भरीत केलं होतं, सीझनच होता, आणि जेवल्यावर मामा-भाचे मोबाइलचा कॅल्क्युलेटर घेऊन गच्चीत बसलो. आधी दुसरंच गणित दिलं. एक्सचा वर्ग वजा नऊ, भागिले एक्स वजा तीन. तीन टाक म्हटलं, शून्य भागिले शून्य, कॅल्क्युलेटर एरर म्हणतो. आता तीन सोड, जवळपासचं टाक. २.९ टाकलं, ५.९ आलं. २.९९ टाकलं, ५.९९. २.९९९ ला ५.९९९. मग दुसऱ्या बाजूने, ३.१ ला ६.१, ३.०१ ला ६.०१. पोरगं आपोआप म्हणालं सहाकडे चाललंय. दोन्हीकडून सहाकडे. आणि तिथे तीनावर मात्र काहीच नाही, खड्डा. मी म्हटलं हेच, खड्ड्यात काय आहे ते विचारू नको, दोन्ही बाजूचे लोक कुठल्या घराकडे चाललेत ते बघ.

मग ते मॉडवालं. २.९ ला उणे एक. २.९९ ला उणे एक. त्याने हट्टाने नऊ नऊ नऊ नऊ दाबत स्क्रीन भरवली, तरी उणे एकच. "मामा हे सरकतच नाही." उजवीकडून ३.०००१ टाकलं तर एकदम अधिक एक. मग तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, मध्ये कुठेतरी शून्य यायला पाहिजे होतं ना, उणे एकवरून अधिक एकवर जाताना. नाही येत. इथे पायरी नाही, उडी आहे.

ही उडी आपल्याला पुस्तकाच्या आधी एसटीने शिकवलेली असते, फक्त आपण तिला गणित म्हणत नाही. पाच वर्षांच्या आत फुकट, पाच ते बारा हाफ तिकीट, पुढे फुल. एरंडोलहून पारोळ्याला येताना माय माझं वय कधी अकराच्या पुढे जाऊच द्यायची नाही. मी तेरा वर्षांचा, आठवीत, उंचीने तिच्या खांद्याला लागलेलो, आणि कंडक्टरने विचारलं की माय खिडकीबाहेर बघत म्हणायची, "अकरा वरीसना शे." एकदा एक कंडक्टर वाकून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, माय, तुझ्या अकरा वर्षाच्या पोऱ्याला मिशी फुटतेय. सगळी बस हसली. मायने पदरातून फुल तिकिटाचे पैसे काढले पण उतरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही, जणू मिशी मी मुद्दाम काढली होती.

तर बघा, वय एक्स आणि भाडं एफ ऑफ एक्स. बाराच्या डावीकडून जवळ या, वाढदिवसाच्या आठवडाभर आधी हाफ, आदल्या दिवशी हाफ, आदल्या रात्री अकरा एकोणसाठला सुद्धा हाफ. ते ‘जवळजवळ फुल’ होत नाही, पाऊण तिकीट असा काही प्रकार कंडक्टरकडे नसतो. उजवीकडून या, वाढदिवसानंतर महिना, आठवडा, एक दिवस, सगळीकडे फुल. डावी लिमिट हाफ, उजवी फुल, दोघी आपापल्या जागी ठाम. आणि नेमक्या वाढदिवसाला काय, ते नियम ठरवतो, किंवा कंडक्टरचा मूड. तिन्ही गोष्टी वेगळ्या. पेपरात ‘लिमिट डझ नॉट एक्झिस्ट’ लिहिताना पोरांना वाटतं आपल्याला काहीतरी जमलं नाही, काहीतरी सापडलं नाही. असं नाहीये. दोन्ही बाजूंना चांगली धडधडीत उत्तरं आहेत, फक्त ती एक नाहीत, आणि म्हणून एकच उत्तर द्या म्हटलं तर देता येत नाही, एवढंच.

आप्पांना तर हे पायांनी माहीत होतं. एसटीचं भाडं टप्प्याने वाढतं, एक टप्पा सहा किलोमीटरचा. टप्प्याच्या आत कुठेही उतरा, पैसे तेच, आणि टप्पा ओलांडला की लगेच पुढच्या टप्प्याचे. आप्पा आमच्या फाट्याच्या आधीच्या थांब्यावर उतरायचे आणि उरलेलं अंतर उन्हात चालत यायचे, धोतराचा सोगा डोक्यावर घेऊन. आजी चिडायची की वाचवलेल्या पैशापेक्षा चपलेचं चामडं जास्त झिजतं. पण आप्पांचं म्हणणं, उडीच्या अलीकडे उतरलं की उडी मारावी लागत नाही.

आणि नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तर ताजं आहे. २०२२ पासून एसटीत पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना प्रवास फुकट आहे, पासष्ट ते पंचाहत्तरला अर्धं तिकीट. नानांची जन्मतारीख आधारवर १ जून आहे, जशी आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची आहे, मास्तरांनी शाळेत नाव घालताना सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं. तर नाना पंचाहत्तरचे व्हायचे त्या वर्षी मे महिन्यात ताईने बोलावलं, आमरस करते या. नाना नाही म्हणाले. कारण सांगेनात. शेवटी मायने सांगितलं, ते १ जूनची वाट बघून राहिलेत. ३१ मेला अर्धं तिकीट, १ जूनला शून्य, मग मेमध्ये कोण जाणार. दोन तारखेला सकाळच्या पहिल्या बसने गेले, आंबे तोवर उतरायला लागले होते. इथे मात्र नेमक्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला भाडं शून्यच, म्हणजे त्या बिंदूवरची किंमत उजव्या लिमिटशी जुळते आणि डावीशी नाही, ह्याला उजवीकडून सातत्य म्हणतात. नानांना सांगितलं तर म्हणाले, पैसे लागले नाहीत ना, मग म्हणा काहीही.

लाइट बिलाचं मात्र लोक उलटं समजतात, ते एक बोलून घेतो. शंभर युनिटच्या पुढे गेलो तर सगळं बिल महाग दराने लागेल म्हणून आमच्या शेजारचे काका महिन्याच्या शेवटी कूलर बंद करून बसतात, जळगावच्या मे महिन्यात! तसं नसतं हो. पहिल्या शंभर युनिटना पहिलाच दर, फक्त एकशेएकाव्याला पुढचा. म्हणजे दर उडी मारतो पण बिल उडी मारत नाही, बिलाची रेघ तिथे तुटत नाही, नुसती मोडते, तिचा डावीकडचा चढ वेगळा आणि उजवीकडचा वेगळा. काकांना सांगून झालंय. ऐकत नाहीत.

डिसेंबरात भाच्याच्या चुलत आत्याच्या पोरीचं लग्न होतं उधन्याला. आपली अर्धी भावकी सुरतेकडेच आहे. ताप्ती लाइनच्या गाडीने गेलो, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार करत, आणि येताना मी मुद्दाम नवापूरला उतरवलं त्याला, पुढच्या गाडीला वेळ होता. नवापूर स्टेशन पाहिलं नसेल तर जरूर बघा. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. १ मे १९६० ला मुंबई राज्याची दोन राज्यं झाली तेव्हा सीमा ह्या स्टेशनातून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरचं ऑफिस गुजरातमध्ये, घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती अशा चार भाषांत. आणि एक बाकडं आहे, त्याच्या मधोमध रेघ मारलेली, एका बाजूला महाराष्ट्र लिहिलंय, दुसऱ्या बाजूला गुजरात. लोक तिथे बसून फोटो काढतात. आम्हीही काढला, पोरगं रेघेवर, एक मांडी इकडे, एक तिकडे.

आता त्या बाकड्यावर महाराष्ट्राकडून बोट सरकवत आणलं, तर रेघेच्या केसभर अलीकडेही महाराष्ट्राचा कायदा. गुजरातकडून आणलं तर केसभर अलीकडेही दारूबंदी. बोट थांबवायचं कुठे ह्याने काही फरक पडत नाही, कुठून आणलं ह्याने पडतो. भाचा म्हणे मग नेमकं रेघेवर काय? मी म्हटलं रंगाचा पट्टा आहे, बोटभर जाड. तो म्हणे गणितातल्या रेघेला जाडी नसते मामा. बरोबर बोलला. डिरिश्ले नावाच्या गणितज्ञाने १८२९ साली दाखवलं की अशी उडी मारणारी फलं (म्हणजे फंक्शन्स) साइन-कोसाइनच्या बेरजेने लिहायला गेलं तर ती बेरीज उडीच्या जागी ना डावीकडची किंमत देते ना उजवीकडची, बरोबर दोघींची सरासरी देते. रेघेवर अर्धा महाराष्ट्र अर्धा गुजरात. हे पोराला सांगितलं तर त्याला ते कॉलेजपेक्षा खूपच भारी वाटलं, आणि मी विषय वाढवला नाही कारण त्याच्या पुढचं मलाही नीट आठवत नव्हतं, बीएस्सीला होऊन पंचवीस वर्षं झाली, आता मी पतपेढीत व्याजाचे हिशेब करतो.

गाडीत बसल्यावर त्याने एक भागिले एक्स काढलं. शून्याकडे उजवीकडून आलो तर किंमत वर वर, अमर्याद. डावीकडून आलो तर खाली खाली, उणे अनंताकडे. मला तेव्हा पाटणादेवीची आठवण झाली, चाळीसगावजवळची. तिथला १२०७ चा शिलालेख, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटलं, ती अनंत आहे, तिच्यात काही घातलं काढलं तरी ती बदलत नाही, जसा अच्युत. आठशे नऊशे वर्षांपूर्वी एवढं म्हणणं म्हणजे खायचं काम नाही. पण त्या अनंताच्या दारापाशी दोन वाटा येतात आणि दोन्ही उलट्या टोकांना जातात, हे नीट मांडायला लिमिटची भाषा लागते आणि ती फार नंतर आली. १७३४ मध्ये बर्कली नावाच्या पाद्र्याने न्यूटनवाल्यांना टोचून विचारलं होतं की तुमची ती बारीक राशी आधी शून्य नाही म्हणून भागता आणि मग शून्य म्हणून सोडून देता, हा काय न्याय. भाच्याचीही तीच तक्रार होती बरं का, क्लासचे सर एक्सच्या जागी तीन वजा एच, म्हणजे तीनातून एक बारीकशी संख्या वजा करून, टाकायला सांगतात, एच शून्य नाही असं बजावतात, आणि शेवटच्या ओळीत गुपचूप एच शून्य करतात. पोराने बर्कलीचं नाव ऐकलेलं नाही पण शंका तीच. कोशी नावाच्या गणितज्ञाने १८२१ मध्ये लिमिटला मध्यभागी आणून बसवलं आणि पुढे वायरश्ट्रास नावाच्या दुसऱ्या गणितज्ञाने ‘जवळ’ म्हणजे किती जवळ ते पक्कं केलं, तेव्हा ते भांडण मिटलं. खरं तर एच शून्य होतच नाही. खालचा एच वरच्याने कटला की जे उरतं त्याला शून्यापाशी खड्डा नसतो, म्हणून ते कुठे चाललंय आणि कुठे पोचतं ह्याचं उत्तर एकच येतं, म्हणून शून्य टाकून बघायची सोय. सोय आहे ती, नियम नाही.

आणि जिथे एका बाजूने रस्ताच नाही? एक्स वजा तीनाचं वर्गमूळ घ्या. तीनाच्या डावीकडे आत उणे संख्या, मूळ निघत नाही. माझ्या लहानपणी पाचोऱ्याहून जामनेरला छोटी गाडी जायची, पीजे म्हणायचे तिला. जामनेरला रूळ संपायचे. पाचोऱ्याकडून जामनेरला येता यायचं, पलीकडून गाडीने यायची सोयच नव्हती. म्हणून पलीकडची लिमिट विचारायचीच नाही, ‘उणे अनंत’ वगैरे काहीतरी लिहून द्यायचं नाही, रूळच नाहीत.

भाच्याने हे सगळं वहीत मराठीत लिहून ठेवलं. तीनाच्या डोक्यावरचा मायनस आला की शेजारी कंसात लिहायचा, कथाईन उना? डावीकथाईन. ही असली अहिराणी आप्पांनी ऐकली असती तर कपाळावर हात मारला असता, पण पोराला कळतंय ना.

सहामाहीत पुन्हा तसंच गणित आलं. ह्या वेळी डावी उजवी दोन्ही बरोबर, लिमिट नाही हेही बरोबर. फोटो आला, ह्या वेळी रडका चेहरा एकच. मधल्या दोन ओळींत ‘लिम’ लिहायचं विसरला म्हणून अर्धा मार्क गेला.